ऐंशी हजारांच्या आत

दिवा परत विझला. पिकअप वर्कशॉपच्या फाटकातून आत शिरली आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा शहाण्या मुलासारखा गप्प झाला. स्टिअरिंगवरच्या, रोपांची नर्सरी चालवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. शेजारी बसलेला त्यांचा नवरा हसायलाच लागला, कारण ही चौथी वेळ होती.

"दिवा पेटलेला मी स्वतः पाहिल्याशिवाय क्लेम नाही," सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला. "आमचं मशीनही म्हणतंय, काही बिघाड नाही."

बिघाड होता. धूर गाळणारा फिल्टर तुंबला होता आणि चढ आला की गाडी अडून बसायची. वॉरंटी ऐंशी हजार किलोमीटरपर्यंत, आणि आकडा होता ७९,९३५. नवा फिल्टर पदरमोड करून घेणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. गाडी बंद पडली की नर्सरीही गुंडाळावी लागणार होती.

"मग चला आमच्याबरोबर," बाई म्हणाल्या. "दिवा तुमच्याकडे येत नाही ना, तुम्ही दिव्याकडे चला."

तो चढला तो बाईंचं खोटं उघडं पाडायलाच. दोघांच्या मध्ये अंग चोरून बसला. पहिल्या गिऱ्हाइकाकडे तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. दुसरीकडे माळी एकटाच होता, म्हणून त्याने चार कुंड्या उतरवून दिल्या. तिसरीकडे तर गुलाब कुठे ठेवायचे हे तोच सांगायला लागला. दिवा मात्र पेटायचं नाव घेईना. प्रत्येक चढावर तिघेही डॅशबोर्डवर वाकत आणि चढ संपला की तिघेही एकदम चुकचुकत.

परतीच्या वाटेवर, आकडा ७९,९९९ असताना, दिवा पेटला.

अ‍ॅडव्हायझरने बाईंच्या नवऱ्याला चक्क मिठी मारली. मग आकडा पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. वर्कशॉप अजून दीड किलोमीटरवर होतं, आणि गाडीची नोंद तिथे ऐंशी हजारांच्या आतच व्हायला हवी होती. ओढून नेणारी गाडी दुसरीकडे अडकलेली.

"इंजिन बंद करा, ताई," तो म्हणाला. "बंद गाडीचा आकडा हलत नाही. दाजी, उतरा, ढकलायचंय."

बाई स्टिअरिंगवर आणि दोघे मागे. सपाटीवर त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा आणि उतारावर गाडीच त्यांना पळवायची. मागून हॉर्न वाजत होते. बाईंना हसू इतकं अनावर झालं की डोळ्यांतल्या पाण्याने रस्ता नीट दिसेना.

फाटकात मॅनेजर उभा होता. त्याने चावी फिरवून आकडा पाहिला, दिवा पाहिला, मान हलवली.

"ठीक आहे. पण क्लेमआधी आमच्या माणसाची टेस्ट ड्राइव्ह लागते. पाच किलोमीटर. नियम आहे."

बाईंचं हसू मावळलं. पाच किलोमीटर म्हणजे सगळंच पाण्यात.

अ‍ॅडव्हायझरने घामाने चिंब झालेल्या बाहीला तोंड पुसलं. मॅनेजरच्या हातातून चावी काढून घेतली आणि खिशात टाकली.

"झाली, साहेब. चौसष्ट किलोमीटर. सकाळपासून मी दुसरं काय करत होतो?"