अख्खा फळा
नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावच्या शाळेत हौसाबाई नातीच्या वर्गाला आपलं लहानपण सांगत होत्या आणि नात वल्लरी एकेक वाक्य डचमध्ये करत होती. तिला लाज वाटेल या धास्तीने आजवर त्या हे घरातही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या गावात दलित वस्तीतल्या मुलांना वर्गाबाहेर पायरीवर बसवत. मग नव्या बाई आल्या आणि त्यांनी छोट्या हौसाला हाताला धरून आत, पाटलांच्या मुलीशेजारी बसवलं. दुसऱ्या दिवशी गाव शाळेवर चालून आला, पण बाई हटल्या नाहीत. "तुम्हाला भीती नाही वाटली?" एका मुलीने विचारलं. "वाटली की!" "तरी पुन्हा आत बसलात?" हौसाबाई हसल्या. "अगं, पायरीवरून अर्धाच फळा दिसायचा. आतून अख्खा दिसला. मग कोण उठतंय?" वल्लरी भाषांतर करायचंच विसरली. मग ताठ उभं राहून डचमध्ये म्हणाली, "ही माझी आजी आहे, माझी!"