मिटलेले डोळे
चर्चच्या गव्हाणीत ठेवायला बाळ येशू कोरायचं काम आलं, तेव्हाच सुताराने मनाशी खूणगाठ बांधली: चेहरा द्यायचा तो आपल्या गेलेल्या पोराचा. कारण बाळ गव्हाणीत ठेवायचा मान डॉक्टरांचा होता, सुताराच्या बायकोला कळा येत असताना "अजून वेळ आहे" म्हणून जेवायला गेलेल्या त्याच डॉक्टरांचा. "टेक आता गुडघे याच्यापुढे!" प्रत्येक घावाला तो पुटपुटायचा. आज नाताळच्या रात्री चर्चमध्ये फादर सांगत होते, देवाने हाडामांसाचा देह घेतला. "आणि माझ्या लेकाने लाकडाचा," सुतार दातओठ खात म्हणाला. तेवढ्यात डॉक्टरांनी बाळ एका हाताने उचललं. "डोकं सांभाळा त्याचं!" सुतार ओरडलाच. "अहो, लाकूड आहे," डॉक्टर हसले. "पण डोळे का मिटलेत?" "उघडे मी पाहिलेच नाहीत. तुम्ही जेवून येईपर्यंत गेला होता तो." डॉक्टरांचा दुसरा हात नकळत बाळाच्या मानेखाली सरकला.