मायच्या आवडीची झाडं

टांगा फाटकाशी येऊन थांबला तरी देवीदास व्हरांड्यातले डबे सरळ करत होता. डालड्याचे नऊ डबे, दोन फुटके माठ आणि कान तुटलेली एक बादली. त्यांत कोरफड, पानफुटी आणि नागफणी. महिनाभर पाणी दिलं नाही तरी यांतल्या एकाही झाडाने तक्रार केली नसती. देवीदासने अशीच झाडं मुद्दाम शोधून आणली होती.

माय या वेळी राहायला हवी होती.

याआधी मनकर्णाबाई दोनदा हिवरखेडहून अकोल्याला लेकाकडे आल्या होत्या. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी गाठोडं बांधून त्या मोटारीत बसल्या. "मले इथं काम काय हाय?" एवढंच म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या गावात एकट्याच होत्या. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण हट्ट मात्र विशीतला. माय तिकडे एकटी जेवते या विचाराने देवीदासचा घास अडायचा. तेव्हा तो भाड्याच्या एका खोलीत राहायचा. आता कचेरीने त्याला क्वार्टर दिलं होतं. व्हरांडा होता, अंगण होतं.

मायला काय आवडतं याचा त्याने कारकुनाच्या चिकाटीने विचार केला. हिवरखेडच्या घरी दारात, वळचणीखाली, कौलांवरसुद्धा हीच झाडं. दुसरं झाड तिथे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे मायची आवड उघडच होती. शिवाय म्हाताऱ्या माणसाला पाणी घालायचा त्रास नाही. तो नत्थुजी माळ्याच्या बागेत गेला तेव्हा नत्थुजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, लोक माह्याकडून फुलझाडं नेतात. तुमी हे काटे काहून नेऊन राहिले?"

"मायच्या आवडीचे हायेत," देवीदास ऐटीत म्हणाला. बांधावरची नागफणी कोणीतरी आपणहून उपटून नेतंय, याचाच नत्थुजींना आनंद झाला.

मनकर्णाबाई टांग्यातून उतरल्या. सून शकुन पाया पडली. बाई व्हरांड्यात आल्या, एक डबा पाहिला, दुसरा पाहिला, मग सगळी रांग पाहिली, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"काय व शकुन, हे रान काहून जमा करून ठेवलं?"

"यायनं माळ्याकडून आनलं, आत्याबाई. तुमची आवड म्हनून."

"आवड?" हसता हसता त्या पायरीवरच बसल्या. "अरे देवीदास, आपल्या मोहल्ल्यातल्या बाया विहिरीपाशी घागर ठेवून बसत. वरून कोनी वतलं त पानी. एखाद्या दिवशी दोन घागरी, एखाद्या दिवशी एकबी नाई. तुले पाजू का झाडाले पाजू? दाराशी काईतरी हिरवं असावं, एवढंच वाटे मले. जे बिनपान्याचं जगे, तेच लावलं."

ती विहीर देवीदासला ठाऊक होती. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्या विहिरीबद्दल तो सभेत पोटतिडकीने बोललाही होता. पण विहिरीचा आणि कोरफडीचा संबंध त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. स्वागताचा असा विचका झाल्यावर माय आता तिसऱ्याच दिवशी निघणार.

मनकर्णाबाई हातपाय धुवायला अंगणात गेल्या. तिथे नळ होता. त्यांनी तो फिरवला. पाणी धो धो आलं. त्यांनी घाईघाईने बंद केला, मग परत फिरवला.

"हा कोनाचा?"

"आपलाच," शकुन म्हणाली.

"कोनाले इचारा नाई लागत?"

"कोनालेच नाई, आत्याबाई. सकाळ-संध्याकाळ दोन दोन घंटे येते."

बाई ओंजळीत पाणी घेत राहिल्या, सांडत राहिल्या, तोंडावर मारत राहिल्या. लुगडं भिजलं तरी त्यांना पर्वा नव्हती. इतका आनंद त्यांना लेकाच्या नोकरीचाही झाला नव्हता. मग ओल्या पायांनी त्या व्हरांड्यात आल्या. गुडघ्यांची कुरकुर आज त्यांनाच ऐकू येत नव्हती.

"देवीदास, त्या माळ्याकडं परत जा. मोगरा आन. एक नाई, चार आन. या वैशाखात एक दिवस पानी चुकलं का मान टाकते, असं झाड पायजे मले."

"आनतो, माय," देवीदास काळजीने म्हणाला. "पन त्याले रोज पानी कोन घालीन?"

शकुनने कपाळावर हात मारून घेतला. कचेरीतले कागद हा माणूस कसे वाचतो, कोण जाणे.

"मी घालीन!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् त्यायले तहानेलं टाकून मी गावाले जाईन, असं वाटते काय तुले?"