सत्त्याण्णव टक्के

"बाबांचा साठा अजून सत्त्याण्णव टक्के भरलेला कसा?" हेमांगीने स्मृतिसाठा केंद्राच्या काउंटरवर हात आपटला. "तुम्ही सांगितलंत म्हणून जागा करायला काल मी त्यांच्या आठवणींतून स्वतःला पुसलं, आईच्या तेवढ्या ठेवल्या!"

"मॅडम, आवाज कमी करा," काउंटरमागचे बोरकर म्हणाले.

"कशाने किती जागा घेतलीय, ते दाखवा."

बोरकरांनी नाइलाजाने स्क्रीन वळवला. बाबांचं अख्खं आयुष्य अकरा टक्क्यांत मावलं होतं. उरलेले शहाऐंशी टक्के केंद्राने दर मिनिटाला पाठवलेल्या 'जागा संपत आली आहे' या इशाऱ्यांच्या नोंदी होत्या.

"पुसा हे!"

"या नोंदी सात वर्षं ठेवाव्याच लागतात. आईच्या आठवणी आहेत की अजून पुसायला."

मागच्या बाकावरून बाबा उठून आले.

"साहेब, ऐका ना या बाईंचं," ते कळवळून म्हणाले. "यांचं काहीतरी मोठं हरवलेलं दिसतंय."