खालचा माईक

“तो खालचा माईक काढा,” सुहास साहेब म्हणाले.

गोरक्षनाथ स्टँड आवळत होता. मांडव त्याचा, खुर्च्या त्याच्या, जनरेटर आणि कर्णेही त्याचेच. नेवाशाच्या पट्ट्यात लग्न असो की सभा, मांडव गोरखचाच. त्याला वाटलं, साहेब कंपनीचे, पुण्याहून आलेले. त्यांना इकडची पद्धत ठाऊक नसेल.

“साहेब, जनसुनावणीला माईक खालीच लागतो. लोकांनी बोलायचं असतं ना.”

“कसली जनसुनावणी? आज भूमिपूजन आहे. परदेशाशी व्यापार करार झालाय. त्यात आपला प्रकल्प हिरवा धरलाय, आणि हिरव्याला सुनावणी लागत नाही. काढा तो.”

हिरवा म्हणे! तिकडच्या जुन्या बॅटऱ्या बोटीनं येणार, इथं नदीकाठी भट्टीत वितळणार, निघालेलं शिसं परत तिकडं जाणार आणि राख तेवढी गावाला राहणार. याला हिरवा म्हणायचं तर काळं कशाला म्हणायचं, देव जाणे. सुनावणीची नोटीस चावडीवर लागली होती, तारीख आजचीच. गाव त्या तारखेकडं डोळे लावून होतं. तारीख तीच राहिली, कार्यक्रम तेवढा बदलला, आणि हे गावाला सांगावं असं कुणालाच वाटलं नाही.

गोरखनं गावाच्या वाटेकडं पाहिलं. आई बोलायला येणार होती.

झुंबरबाई जन्मात कधी चारचौघांत बोलली नव्हती. ग्रामसभेतसुद्धा मागं, पदर तोंडाला लावून बसायची. पण बॅटऱ्यांचं कानावर आलं आणि बाईची झोप उडाली. तिच्या माहेरी तसलीच एक भट्टी होती. आधी म्हशी मेल्या. मग भावाची नात पंकजा पाच वर्षांची झाली तरी बोलेना. डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं उतरलंय. पोर आता लग्नाच्या वयाची झाली. हाक मारली तर नुसते ओठ हलवते. आणि इथली भट्टी झुंबरबाईच्या विहिरीला खेटून येत होती. त्याच विहिरीचं पाणी गोरखची मोनिका पीत होती. ती नुकती कुठं ‘आजी’ म्हणायला लागली होती.

संगमनेरच्या वकीलबाई प्रणिताताई गावात येऊन बायकांना शिकवून गेल्या होत्या. “आधी नाव, मग गाव, मग म्हणणं. आणि झुंबरमावशी, शेवटी विचारायचं, लिहून घेतलं का? सुनावणीत बोललेलं त्यांना लिहून घ्यावंच लागतं. लिहून घेतल्याशिवाय खाली बसायचं नाही.” तेव्हापासून म्हातारी गोठ्यात म्हशींपुढं उभी राहून भाषण करायची. सून हसून हसून बेजार. “आत्याबाई, पुरे आता. म्हशीला पाठ झालं!”

गोरखनं माईक काढला. काय करणार? मांडव कंपनीनं सांगितलेला, पुढची सगळी कामंही तिच्याच हातात. तो वायर गुंडाळत होता, तेवढ्यात झुंबरबाई आलीच. लग्नकार्यात नेसायचं लुगडं नेसली होती. पहिल्या रांगेत बसली आणि लेकाच्या हातातला माईक बघून म्हणाली, “गोरख, हितंच ठिव की. मला वर चढून बोलाया जमायचं न्हाई.”

“बघतो,” तो म्हणाला आणि मान खाली घालून जनरेटरकडं गेला. लाज वाटली त्याला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे आले. फेटे बांधून झाले, नारळ फुटला. परदेशी साहेबाच्या हातात कुदळ दिली, फोटो निघाले. मग स्टेजवर एक पुढारी बोलायला उभे राहिले आणि कर्णे घुमायला लागले. प्रगती, करार, जग, अभिमान.

तेवढ्यात पहिल्या रांगेत झुंबरबाई उठली. हात जोडले आणि बोलायला लागली. लांबून गोरखला तिचा एक शब्द ऐकू येईना. नुसते ओठ हलत होते. पंकजासारखे.

त्यानं जनरेटर बंद केला. किल्ली काढून खिशात टाकली.

कर्णे गप्प झाले. स्टेजवरच्या पुढाऱ्याचं तोंड थोडा वेळ तसंच हलत राहिलं. आणि मांडवात म्हातारीचा कापरा आवाज ऐकू आला. म्हशींचं सांगितलं तिनं, पंकजाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, घरातल्या नातीचं सांगितलं. एक शब्द चुकली नाही.

“जनरेटर!” कुणीतरी ओरडलं.

“डिझेल संपलं, साहेब,” गोरख म्हणाला.

सुहास साहेब धावत खाली आले. “आजी, बसा आता. सुनावणी रद्द झालीय. दोन देशांमध्ये करार झालाय.”

“व्हय का? मग मी काय देशाच्या भायेर ऱ्हाते?”

साहेबांनी नुसतं खुर्चीकडं बोट दाखवलं. झुंबरबाई बसली नाही. तिनं विचारलं, “लिवलं का, सायेब?”

तिनं एकेकाच्या हाताकडं पाहिलं. कुणाच्या हातात मोबाईल होता, कुणाच्या हातात हार होता, परदेशी साहेबाच्या हातात अजून कुदळच होती. पेन कुणाच्याच हातात नव्हतं.

“न्हाई ना लिवलं? ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. पदर खोचला, पुन्हा हात जोडले. “मी पयल्यापासनं सांगते. माजं नाव झुंबरबाई...”