दारातल्या चपला

"शाळा बघायला गेलीस की भिंतीवरची चित्रं बघू नकोस. दारातल्या चपला बघ," सासूबाई देवाघरी जाण्याआधी सांगून गेल्या होत्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

माझ्या लेकीचा उजवा पाय जन्मापासून वाकडा. त्याला पट्ट्यांचा जड बूट लागतो. दोन मोठ्या शाळांनी गोड बोलून वाटेला लावलं. "पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची, ताई?"

तिसरी दोन खोल्यांची बालवाडी. उंबऱ्याशी बसून बाई मुलांच्या चपला एकेक उचलून बाहेर तोंड करून ठेवत होत्या. "घरी जायच्या घाईत वळताना धडपडतात हो," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष लेकीच्या बुटाकडे गेलं.

"याचा पट्टा कुठून आवळायचा गं? मला शिकवशील?"

माझ्यामागे लपलेल्या लेकीनं पाय पुढे केला.

मी रोज देवाला फूल वाहते, देठ त्याच्याकडे करून. तेवढं जपणारे हात आज समोर दिसत होते. माझे आपोआप जोडले गेले.

पहिल्या दिवशी लेकीनं विचारलं, "बाई चपला वळवतील तेव्हा तू दारात असशील ना?" मी हो म्हटलं.

तिला सोडून आल्यावर पोथीला बसायला उशीरच झाला. शाळा सुटायला पंधरा मिनिटं उरली, तरी अध्याय अर्ध्यावर. बारा वर्षांत मी अध्याय सोडून उठले नव्हते. खुणेला तुळशीचं पान ठेवलं, पोथी मिटली आणि हळूच निघाले.