पलटलेले

“झटका वाढवू की नको, एवढंच सांग,” प्रफुल्ल फोनवर म्हणाला. तृप्तीला नेमकं तेवढंच सांगता येत नव्हतं.

तिचा हा सहकारी पुण्यात प्रयोगशाळेत आणि ती इकडे गावी, कोंढ्याला, आजीच्या खाटेशी. मालनबाई शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला, म्हणून नातीला धावत यावं लागलं. आणि तेही याच आठवड्यात! आज संध्याकाळी प्रयोगाचा लेसर दुसऱ्या गटाकडे जाणार होता. पुढची पाळी कधी येईल ते कुणी सांगावं. थोडा वेळ दे म्हणून तिनं फोन ठेवला.

मालनबाई खाटेवर बसून पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. पाय मोडला म्हणून हात रिकामे ठेवणारी ही बाई नव्हे. चेहरा काहून उतरला, असं त्यांनी विचारलं. तृप्तीनं आधी टाळलं, मग सांगून टाकलं.

नखाएवढा एक स्फटिक. त्यात अब्जावधी इवले चुंबक, सगळे एका दिशेला तोंड करून उभे. त्यांच्यावर टेराहर्ट्झ लहरींचा झटका मारायचा. डोळ्याची पापणी लवायला जितका वेळ लागतो त्याच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात तो येऊन जातो. हलका झटका दिला की चुंबक डोलतात आणि पुन्हा जागेवर येतात. दुप्पट दिला की दुप्पट डोलतात, तरी येतात जागेवरच. तिचा प्रबंध या डोलण्यावर उभा होता. बरा होता, कुणाच्या डोळ्यात भरणारा नव्हता. पण एका हद्दीपलीकडे हा दुपटीचा हिशोब मोडतो, असं तिचं गणित सांगत होतं. तिथं ते डोलत नाहीत. तिथं ते एकदम पलटतात.

‘पलटतात’ म्हटलं आणि तिनं जीभ चावली. त्या घरात हा शब्द चालत नसे. तव्यावरची भाकरसुद्धा फिरवायची, पलटवायची नाही. लहानपणी एकदा चुकून बोलली तर पाठीत धपाटा बसला होता. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती.

मालनबाईंचे हात थांबले, पण त्या ओरडल्या नाहीत. मंग मारत काहून नाही मोठा झटका, असं म्हणाल्या. तृप्ती म्हणाली, स्फटिकच फुटायचा. तसा दुसरा नाही, तो बनवणारा माणूस परदेशी निघून गेला. अर्धी मोजमापं अजून बाकी आहेत. तो फुटला तर प्रबंधही गेला आणि इतकी वर्षंही पाण्यात. सर म्हणाले, स्फटिक तुझा, निर्णय तुझा. मार्गदर्शक मंडळी अशा वेळी फार उदार होतात.

मालनबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि कधी न काढलेला विषय काढला.

त्यांचे वडील गावातली मेलेली ढोरं ओढत. दोनदा त्यांनी ते काम सोडून पाहिलं. दोन्ही वेळा गावानं तलावाचा घाट बंद केला, शेतावर बोलावणं थांबवलं. पोरं उपाशी राहिली आणि बापानं पुन्हा दोर उचलला. मग छप्पन सालच्या त्या दसऱ्याला ते नागपूरला गेले, धम्मदीक्षा घेऊन आले आणि भर दुपारी घरातले देव तलावात सोडले. महिन्याभरात येतो जागेवर, म्हणून गाव हसलं. ते आले नाहीत. तेव्हापासून रस्त्यानं निघालं की मागून आवाज येई, पलटलेले चालले पाहा. लहानगी मालन रडत घरी येई.

“अन् फुटलं बी, बाई,” मालनबाई म्हणाल्या. “माही मोठी बहीण, गोदावरी. दिघोरीले देली होती. तिच्या सासरच्यायनं दीक्षा नाही घेतली. तिले मंग माहेरी पाठवलंच नाही. माय मरेपर्यंत वाट पाहत होती.”

तृप्तीला पणजोबांचा रागच आला. मग जरा दमानं घ्यायचं होतं ना त्यांनी, असं ती बोलून गेली.

मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. पण आवाज हलला नाही.

“दमानं दोनदा करून पाहिलं होतं त्यायनं. दमानं केलं का जागेवरच येते.”

तृप्तीला भीती वाटत होती. मग तिनं फोन लावला, वाढव म्हणाली आणि स्पीकर सुरू करून फोन खाटेवर ठेवला.

पलीकडे बराच वेळ यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मग प्रफुल्लचा आवाज आला, पडलेला. स्फटिकाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. तृप्तीनं तोंडात ओढणी कोंबली आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

मालनबाईंनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि त्या फोनकडे वाकल्या.

“फुटला ते ऐकलं, बाबू. अन् ते आतले? जागेवर तर नाही ना आले?”

प्रफुल्लनं पडद्यावरचं चुंबकांचं चित्र पाहिलं असावं.

“नाही आले, आजी. तुकडे दोन झाले, पण दोन्हीतले तसेच, पलटलेले उभे आहेत.”